डावीकडे बघणारा राजा

राजा बदलला की ते आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं, पण नवा राजा दिसतो कसा हे मात्र कुणालाच माहीत नसतं. टंकसाळीत राहणाऱ्यांचं हे असंच. दवंडी पिटायच्या आधी कारभारी दारात येतात आणि म्हणतात, "जुना ठसा फोडा."

त्या दिवशी आले तेव्हा ठिपकी नुकती झोपली होती. ठिपकी म्हणजे आमची लेक. हनुवटीवर एक तीळ आहे म्हणून ठिपकी. तिला दात येत होते, त्यामुळे घरात झोप कुणालाच नव्हती. मी तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकले होते. कारभाऱ्यांनी दार ढकललं, दार करकरलं, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. राज्य उलथलं ही बातमी कारभाऱ्यांनी आम्हाला कुजबुजत सांगितली.

"म्हणजे पोपट उडाला?" मामंजी हळूच म्हणाले.

पोपट म्हणजे जुना राजा. त्याचं नाक एवढं बाकदार की नाण्यावर आधी नाक दिसायचं, मग राजा. बाजारात त्याच्या नाण्यालाच पोपट म्हणायचे. चार पोपटांचं कापड, एका पोपटाचा दोर. तो ठसा मामंजींनीच कोरला होता, तरणेपणी. ते म्हणायचे, "मी नाक कमीच केलं होतं. खरं कोरलं असतं तर नाण्याबाहेर गेलं असतं."

"उडाला," कारभारी म्हणाले. "आता पुतण्या गादीवर आहे. त्याची स्वारी इकडूनच जायची आहे, आणि आल्या आल्या त्याला आपल्या तोंडाचं नाणं हातात हवंय. नवी चांदी मिळणार नाही. जुनेच पोपट तापवायचे आणि त्यांच्यावर नवा ठसा मारायचा."

"एवढंच ना?" आमचे हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, टंकसाळीतले घणकरी. ठसा मी कोरते, घण हे मारतात. आमच्या संसाराबद्दल यावरून गल्लीत पुष्कळ विनोद आहेत, ते इथे सांगत नाही.

"एवढंच नाही." कारभारी खाली बसले. "नदीकाठच्या टंकसाळीलाही हाच हुकूम गेलाय. राजा दोघांची नाणी बघणार. पसंत पडतील ती टंकसाळ राहणार. दुसरीचे घणकरी लष्कराबरोबर जाणार. छावणीत नाणी पाडायला."

"किती दिवस?" मी विचारलं.

"लढाई संपेपर्यंत."

"आणि ती कधी संपते?" सासूबाई आतून म्हणाल्या. ठिपकी झोपेत हसली, आणि मला उगाचच रडू आलं. आपला बाप आणि अंगणातला खांब यांतला फरक तिला अजून नीट कळत नव्हता. दोघांनाही धरून ती उभी राहायला बघायची. खांब जागेवर राहणार होता. बापाचं काही सांगता येत नव्हतं.

आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगायला हवं. मामंजींना आता जवळचं दिसत नाही, पण चेहऱ्याची जाण जशीच्या तशी आहे. म्हणून ते पाटीवर मोठा चेहरा काढतात, आणि मी तो बघून पोलादाच्या ठोकळ्यावर नखाएवढा कोरते. पाटीवर चेहरा सुलटा, नाण्यावर दिसावा तसा. ठशावर मी तो उलटा कोरायचा, म्हणजे नाण्यावर सुलटा उठतो. हे उलटं करणं माझ्या डोक्यातच होऊन जातं. माहेरी वडिलांकडे शिकले तेव्हापासून हाताला तसं वळणच पडलंय. कडेची अक्षरं तर मला उलटीच पाठ आहेत. सुलटी लिहायची म्हटली की अडखळते.

आता राजा पाहिला होता तो फक्त कारभाऱ्यांनी, तोही गर्दीतून. मामंजी पाटी घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"कपाळ?"

"आहे."

"अहो, कसं आहे?"

"राजाचं कपाळ कसं असतं? वर असतं."

"नाक तरी?"

"नाक..." कारभाऱ्यांनी डोळे मिटले. "साधं. काकासारखं नाही, एवढं नक्की. आपल्या गल्लीत कुणाचंही असावं तसं."

"आणि हनुवटी?"

इथे मात्र कारभाऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "हनुवटी अशी काही नाही. ओठ झाले की गळाच सुरू होतो. पण केस! मानेवर ही एवढी जाड गाठ."

"हनुवटी मी देतो," मामंजी म्हणाले. "राज्य करायचं तर हनुवटी लागते."

पुढचे दिवस मी ठिपकी झोपेल तेव्हा कोरलं. झोपेल तेव्हा म्हणजे डुलकी घेईल तेव्हा. एक भुवई झाली की ती उठायची. तिला पाजायचं, थोपटायचं, पुन्हा छिन्नी घ्यायची, तोवर भुवईचं वळण बोटांतून निघून गेलेलं असायचं आणि हात पुन्हा बसवायला वेळ जायचा. कधी सासूबाई तिला उचलून नेत आणि म्हणत, "तू तुझ्या राजाला बघ, मी माझ्या राणीला बघते." मधेच मी बसल्या बसल्या पेंगायचे. एकदा छिन्नी हातातच होती आणि मी स्वप्नात राजाला थोपटत होते.

मामंजी हे सगळं बघत होते. आमच्या घरात कुणी कुणाला "दमलीस का गं" असं विचारत नाही. ज्याला जे दिसतं तो ते गुपचूप करून टाकतो. पाणी भरलेलं सापडतं, चूल पेटलेली सापडते. कुणी केलं विचारलं तर सगळे दुसरीकडे बघतात.

ठसा झाला. यांनी तो विस्तवात लाल केला, पाण्यात चर्र केला, पोलाद कडक झालं. मग तो ऐरणीत बसवला. घरातले, भट्टीवाले, कारभारी, सगळे भोवती उभे. पहिलं नाणं कोऱ्या तुकड्यावर पाडतात, त्यासाठी कारभाऱ्यांनी जपून ठेवलेली चांदीची एक चकती दिली. यांनी घण उचलला. ठण्ण!

नाणं चिमट्याने पाण्यात गेलं आणि बाहेर आलं. यांनी ते पुसून आपल्या आईच्या हातावर ठेवलं. पहिलं नाणं आधी सासूबाई बघतात. त्या कधी काही बोलत नाहीत, नुसतं "छान" म्हणतात.

त्या दिवशी म्हणाल्या, "हा इकडे काय बघतोय?"

मी नाणं घेतलं. अक्षरं स्वच्छ. केसांची गाठ सुंदर. हनुवटी तर अशी की तिच्यावर दिवा ठेवावा. आणि राजा डावीकडे बघत होता.

आमच्याकडचा प्रत्येक राजा उजवीकडे बघतो. पोपट उजवीकडे, त्याचा बाप उजवीकडे, त्याच्या बापाने हटवलेला तोही उजवीकडे. का, ते कुणालाच ठाऊक नाही. पण आंधळ्याच्या हातात नाणं दिलं तरी तो बोटाने नाक चाचपून राजा सरळ धरतो, इतकं ते ठरलेलं आहे.

"असं कसं झालं?" मी पाटीकडे धावले. पाटीवरचा राजाही डावीकडेच बघत होता. इतके दिवस समोर होता आणि मला दिसला नव्हता. माझा हात डावंउजवं बघतच नाही, समोर असेल त्याच्या उलट करतो.

मागे मामंजी उभे होते. चेहरा पडलेला. "पोरी," ते म्हणाले, "तू पेंगत होतीस. म्हटलं, तुझं उलटं करायचं डोकं तरी वाचावं. म्हणून यंदा मीच उलटा काढून दिला."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगायचं काय त्यात?" मामंजी खरंच बुचकळ्यात पडले. "तुला दिसेल असं वाटलं."

त्यांनी उलटा काढला, मी उलट्याचा उलटा केला. माया दोघांनी केली आणि राजाचं तोंड फिरलं.

कारभाऱ्यांनी कपाळावर हात मारला. "नवा कोरा!"

"कोरते की. राजाला म्हणावं, महिनाभर वाटेत थांबा."

"उद्या येतोय तो!"

"मग उद्या हेच."

कारभारी अंगणात येरझाऱ्या घालू लागले. "डावीकडे! मावळतीकडे बघतोय म्हणतील. पळून चाललाय म्हणतील. राज्याला उलटं तोंड म्हणतील. माझी मान जाईल."

"तुमची मान कशी जाईल?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "जायचा तर माझा मुलगा जाईल. लष्करात."

यांनी भाता चालवायला सांगितला आणि पोपट तापवायला घेतले.

आता टंकसाळीचा एक जुना रिवाज आहे. जुन्या नाण्यावर नवा ठसा मारताना जुन्या राजाला डोक्यावर उभं करायचं नाही. तोंड सरळ ठेवायचं, मगच घण मारायचा. गेलेला राजा परत येणारच नाही असं कुणी सांगावं? आल्यावर त्याने विचारलं, मला पालथा कुणी ठेवला होता, तर? म्हणून यांनी एकेक पोपट तापवून, सरळ करून, डोकं वर ठेवून, त्याच्यावर घण मारला. हे काम पोतं भरेपर्यंत चाललं. त्यातलं एकही नाणं आम्ही कुणी धड पाहिलं नाही. एकदा चूक दिसली की माणसाला दुसरं काही दिसत नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी मुलाचं गाठोडं बांधायला काढलं. त्यात त्यांनी एवढं भरलं की ते उचलायलाच लष्कर लागलं असतं. मी म्हटलं, "आई, राजाने अजून नाणं पाहिलं नाहीये." त्या म्हणाल्या, "तेच तर."

दुसऱ्या दिवशी राजा आला. घोड्यावरून उतरला तेव्हा मला वाटलं हा कुणी त्याचा चाकर असेल, राजा मागून येत असेल. बारीक, धुळीने माखलेला, पाय अवघडलेले. हनुवटीबद्दल कारभारी खोटं बोलले नव्हते. केसांबद्दलही नाही.

आमच्याच अंगणात बाज टाकली होती. नदीकाठचे लोकही आपलं पोतं घेऊन आले होते, ते आधी पुढे झाले. त्यांचा कोरणारा जाडजूड गृहस्थ होता, मिशा तेल लावलेल्या. त्याने पहिलं, कोऱ्या चांदीवरचं नाणं दिलं. मी मान लांब करून पाहिलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. कान तर असा की आत काडी जावी. आणि राजा, रीतीप्रमाणे, उजवीकडे बघत होता.

राजा खूष झाला. मग त्याने त्यांच्या पोत्यात हात घातला आणि मूठभर नाणी काढली. एक बघितलं. दुसरं बघितलं. तिसरं उजेडात धरलं.

"हे काय आहे?"

"आपण, महाराज."

"ते कळलं. माझ्या नाकापुढे हे दुसरं नाक कुणाचं?"

त्यांनीही रिवाज पाळला होता. पोपटाला सरळ ठेवूनच ठसा मारला होता. पण काका उजवीकडे बघत होता आणि पुतण्याही तिकडेच. ठशाने काकाचा चेहरा पुसला होता, नाक मात्र पुसलं गेलं नव्हतं. ते पुतण्याच्या नाकाच्या पुढे चोचीसारखं बाहेर आलं होतं. नाणं नवं आणि पोपट जुनाच. कुठल्याही पोराने बघून म्हटलं असतं, हा आत अजून आहे.

"राज्य घेतलं, वाडा घेतला," राजा हळू म्हणाला, "आणि हा अजून माझ्याआधी दारात येतोय."

मिशीवाल्याच्या मिशा खाली आल्या. मग राजा आमच्याकडे वळला. "तुमची आणा."

कारभाऱ्यांनी पोतं पुढे केलं ते दोन्ही डोळे मिटून. राजाने मूठ भरली. एक नाणं, दुसरं, तिसरं. बोटाने कड चाचपली. मान वाकडी करून पाहिलं. ठिपकी माझ्या खांद्यावर झोपली होती, तिचा श्वास मानेवर जाणवत होता. हे माझ्याकडे बघत होते, राजाकडे नाही.

"इथे काका कुठे गेला?" राजाने विचारलं.

आम्हाला तेव्हा दिसलं. राजा डावीकडे बघत होता. काका उजवीकडे. काकाचं नाक सरळ पुतण्याच्या केसांच्या गाठीत गेलं होतं. त्या जाड गाठीत ते कुठे विरघळलं होतं ते शोधूनही सापडत नव्हतं. फार तर केसांना एक वळण जास्त पडलेलं.

कारभाऱ्यांनी एक डोळा उघडला. "मागे राहिला, महाराज," ते म्हणाले.

राजा हसला. अगदी गल्लीतल्या पोरासारखा हसला. मग त्याने नाणं पुन्हा पाहिलं, या वेळी चेहऱ्यासाठी. बराच वेळ बघत राहिला. आणि बघता बघता त्याची मान थोडी सरळ झाली, ओठ मिटले, आणि होती नव्हती ती हनुवटी जरा पुढे आली. मामंजींनी मला कोपराने ढोसलं.

"उलटं तोंड करायचं कुणाला सुचलं?" राजाने विचारलं.

"सुनेला," मामंजी म्हणाले.

"मामंजींना," मी म्हणाले.

"अहो, मी तर..." कारभारी सुरू झाले.

"आणि खरं?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. पण ठिपकी तेवढ्यात उठली आणि भोकाड पसरलं. तिला गप्प करता करता माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. दात, पेंग, पाटी, माया, सगळं. "दोघांनाही एकमेकांचं काम वाचवायचं होतं, महाराज," मी म्हणाले, "म्हणून दोनदा झालं."

कारभाऱ्यांचा चेहरा पांढरा झाला. मामंजींनी जमिनीकडे पाहिलं. राजाने नाणं मुठीत धरलं आणि म्हणाला, "ही गोष्ट अंगणाबाहेर जाता कामा नये. बाहेर सांगायचं, नव्या राजाने जुन्याकडे पाठ फिरवली. मुद्दाम. मी सांगितलं म्हणून." मग म्हणाला, "आणि माझ्यानंतर जो येईल त्याला म्हणावं उजवीकडे बघ. नाहीतर त्याच्या नाकापुढे मी येईन."

त्याच्याबरोबरच्या लेखनिकाने ते तिथल्या तिथे उतरवून घेतलं. संध्याकाळपर्यंत चौकात दवंडी झाली. रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्या गल्लीतली शहाणी माणसं एकमेकांना समजावून सांगू लागली, डावीकडे बघण्यात केवढा विचार आहे ते. एकाने मलाही समजावलं. मी म्हटलं, "असं होय?"

पण त्याआधी अंगणात एक गोष्ट राहिली होती. राजा उठला तेव्हा नदीकाठच्या कारभाऱ्याने आपल्या माणसांकडे पाहिलं. दुसरीचे घणकरी लष्करात, हा हुकूम अजून तसाच होता. त्यांच्यामागे, दाराशी, एक बाई उभी होती. कडेवर मूल. माझ्या ठिपकीएवढंच. तिला कुणी सांगायला नको होतं, तिने दोन नाकांचं ऐकलं होतं.

"महाराज," मी म्हणाले. "राज्यात पोपट पुष्कळ आहेत. आमच्या एका ऐरणीवर ते सगळे बदलायचे तर वर्षं जातील. तोवर बाजारात काकाच चालेल."

राजाने भुवई वर केली.

"त्यांचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे," मी घाईने म्हणाले. "तोंड फक्त फिरवायचं आहे. ते मी पाटीवर काढून देते. म्हणजे मामंजी देतील. दोन्हीकडे घण चालू द्या."

"मग लष्करात कोण येणार? सैन्याला वाटेत पगार कशाचा देऊ?"

भट्टीजवळून दोन तरुण घणकरी पुढे आले, एक आमचा, एक त्यांचा. दोघेही बिनलग्नाचे. आमचा म्हणाला, "आम्ही जातो, महाराज. इथे रोज तेच अंगण." त्यांचा नुसता हसला. त्याच्या आईने मागून त्याला एक धपाटा घातला, पण नाही म्हणाली नाही.

"ठीक," राजा म्हणाला, आणि घोड्याकडे गेला. चढताना मान ताठ होती. नाण्यासारखी.

मिशीवाले गृहस्थ जाताना माझ्यापाशी थांबले. "कानाबद्दल बोललीस ते खरं होतं का, की राजासमोर म्हणून?"

"खरं होतं."

"हं," ते म्हणाले. "तुझी गाठ बरी आहे." आणि मिशा पिळत गेले. दाराशी ती बाई मुलाला घेऊन अजून उभी होती. मी ठिपकीला घेऊन तिच्यापाशी गेले. तिच्या मुलाने ठिपकीचा पाय धरला आणि सोडेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मुलाचं गाठोडं सोडलं. मामंजी पाटी घेऊन बसले. नदीकाठसाठी चेहरा काढायचा होता. खडू उचलला, थांबले, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "सूनबाई, सुलटा काढतोय."

"ऐकलं, मामंजी."

"सुलटा म्हणजे नाण्यावर दिसेल तसा."

"ऐकलं, ऐकलं."

हे ऐरणीपाशी बाह्या सारत होते. "हुकलं म्हणायचं," म्हणाले, "गेलो असतो तर वर्षभर तरी घरातली बडबड ऐकावी लागली नसती."

"जा की मग. लष्कर अजून वेशीपाशीच आहे. धावलात तर गाठाल."

"खरंच जाऊ?"

मी ठिपकीला खाली ठेवलं. ती रांगत गेली, खांब सोडून पुढे गेली, आणि बापाची पोटरी धरून उभी राहिली. यांना घण मारायचा होता, पाय हलवता येत नव्हता. तसेच वाकडे उभे राहून त्यांनी तो उचलला.